वीर्यतपासणीचा रिपोर्ट आला, आता पुढे काय? पुरुषांतल्या वंध्यत्वाची तपासणी, पायरीपायरीने

सकाळी साडेआठला आमची लॅब उघडते. पावणेनऊच्या सुमाराला एखादा माणूस येतो आणि काउंटरपासून दोन हात लांब उभा राहतो. बाकीचे पेशंट शुगर, थायरॉईड मोठ्यानं सांगतात, हा मात्र काही न बोलता चिठ्ठी पुढे सरकवतो. बरोबर बायको असते आणि तिच्या हातात तिची जाडजूड फाइल. सोनोग्राफी, हार्मोन्स, नळ्या तपासल्याचे एक्स-रे, कधीकधी दुर्बिणीची शस्त्रक्रियासुद्धा होऊन गेलेली. लग्नाला पाच-सहा वर्षं झालेली. आणि त्याची तपासणी? ही पहिलीच.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अठरा वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली वीर्याचे नमुने मोजतोय आणि हे चित्र फार हळू बदलतंय. बाईसाठी ‘वांझ’ हा शब्द आपल्या भाषेत तयार आहे. पुरुषासाठी तसा शब्द कुणाच्या तोंडी नाही. आहे तो ‘नामर्द’, आणि त्याचा अर्थच वेगळा. संबंध व्यवस्थित येतात, ताठरता आहे, वीर्यही येतं, पण त्यात शुक्राणू नाहीत, असे कितीतरी धडधाकट पुरुष असतात. मर्दानगीचा आणि शुक्राणूंचा असा थेट संबंध नाही, ही एक गोष्ट घरात सगळ्यांना पटली तरी निम्मा त्रास वाचेल. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, कधी एकटं तर कधी बाईच्या कारणाच्या जोडीला.

मी डॉक्टर नाही. औषध सांगणं माझं काम नाही आणि ते मी इथे करणारही नाही. पण रिपोर्ट हातात पडल्यावर लोक कुठे चुकतात आणि कुठली तपासणी मधल्या मधे राहून जाते, ते मी रोज बघतो. माझं म्हणणं एवढंच आहे: वीर्याचा रिपोर्ट हा फक्त मुलाबद्दलचा कागद नाही. तो त्या पुरुषाच्या तब्येतीबद्दल बोलतो आणि कधीकधी होणाऱ्या मुलाबद्दलही. त्यामुळे खराब रिपोर्टवरून एकदम टेस्ट ट्यूब बेबीकडे जाण्याआधी त्या माणसाला कुणीतरी नीट तपासलं पाहिजे.

पहिली पायरी: सुरुवात कधी करायची

कोणतंही साधन न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी एकाच वेळी तपासणी सुरू करावी. बायकोचं वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहाच महिने थांबा. पुरुषाला लहानपणी अंडकोष खाली न उतरल्याचा त्रास होता, वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजले होते, हर्नियाचं ऑपरेशन झालंय, केमोथेरपी झालीय किंवा क्षयरोग होऊन गेलाय, तर वर्षभर थांबण्यातही अर्थ नाही.

सासूबाई कधी स्वतः येतात. “सुनेचं काय ते बघा, आमचा पोरगा चांगला धडधाकट हाय की!” मी त्यांना एवढंच सांगतो, की आजी, सुनेच्या चार तपासण्या होतात, त्यातल्या दोन दुखतात. पोराची एकच, आणि ती दुखत नाही. मग आधी कुठली करायची?

दुसरी पायरी: सॅम्पल नीट द्या

निम्मे गोंधळ इथेच होतात. आधीचं वीर्यपतन होऊन किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस झालेले हवेत. पंधरा दिवस थांबलं की काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, भरपूर येईल असं समजून काहीजण थांबतात. त्यात मेलेले शुक्राणू वाढतात आणि रिपोर्ट उलट बिघडतो.

सॅम्पल हस्तमैथुनानंच घ्यायचं, लॅबनं दिलेल्या डबीत. तेल, साबण, थुंकी काहीही लावायचं नाही, कारण यातल्या प्रत्येकानं शुक्राणूंची हालचाल मंदावते. साधा निरोध वापरूनही सॅम्पल देऊ नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वीर्याचा पहिला थेंबसुद्धा सांडता कामा नये. जास्तीत जास्त शुक्राणू त्या पहिल्या भागातच असतात. सांडलं तर लाजू नका, सांगा. आम्ही तशी नोंद करतो आणि पुन्हा बोलावतो. न सांगता दिलेल्या अर्ध्या सॅम्पलवर पुढचे उपचार ठरणं फार वाईट.

घरून आणायचं असेल तर अर्ध्या तासात, फार तर एका तासात पोचवा. डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवा. एकदा जानेवारीत तासगावहून मोटरसायकलवर एकजण डबी हँडलला पिशवीत लटकवून घेऊन आला. आतले शुक्राणू थंडीनं जवळजवळ थांबलेले. बिचाऱ्याला तीन दिवसांनी परत यावं लागलं.

गेल्या तीन महिन्यांत जोराचा ताप येऊन गेला असेल, डेंग्यू, टायफॉइड, काहीही, तर तेही सांगा. तापानंतर दोन-तीन महिने काउंट घसरलेला राहू शकतो.

तिसरी पायरी: रिपोर्ट वाचायला शिका

सॅम्पल आल्यावर ते ३७ अंशांना ठेवतो. सुरुवातीला वीर्य जेलीसारखं घट्ट असतं, अर्ध्या तासात पातळ होतं. मग काचपट्टीवर थेंब, वर कव्हरस्लिप, आणि भिंगातून बघायचं. सरळ पुढे धावणारे, जागच्या जागी वळवळणारे, निपचित पडलेले असे वेगवेगळे मोजतो. किमान दोनशे शुक्राणू, आणि तेही दोनदा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. हे काम दोन मिनिटांचं नाही, म्हणून ज्या लॅबमध्ये ते रोज होतं तिथेच करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीप्रमाणे खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य १.४ मिली, शुक्राणू दर मिलीला १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख, एकूण ३९ मिलियन, हालचाल करणारे ४२ टक्के, सरळ पुढे जाणारे एकूणांतले ३० टक्के, आणि योग्य आकाराचे ४ टक्के. ‘फक्त ४ टक्के नॉर्मल’ हे वाचून लोकांचे चेहरे पडतात. पण माणसाच्या वीर्यात वेडेवाकडे शुक्राणूच जास्त असतात आणि ४ टक्के पुरेसे धरतात.

हे आकडे पास-नापासाचे नाहीत. ज्या पुरुषांच्या बायकांना वर्षभरात दिवस राहिले, त्यांच्यातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांची ही सीमा आहे. म्हणजे १४ मिलियनवालाही बाप होतो आणि ६० मिलियनवाल्याला अडचण येऊ शकते.

‘निल’ लिहिलेलं असेल, म्हणजे एकही शुक्राणू दिसला नाही, तर सॅम्पल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ तपासला होता का, हे विचारा. त्या गाळात चार-दोन शुक्राणू सापडले तरी पुढचा रस्ता बदलतो.

चौथी पायरी: एका रिपोर्टवर काही ठरवू नका

एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि त्यापुढे बाहेर येण्याच्या वाटेवर आणखी काही दिवस. आजचं सॅम्पल म्हणजे तीन महिन्यांपूर्वीची तुमची तब्येत. रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करा, आणि कुठलाही उपचार किंवा सवयीतला बदल जोखायचा तर तीन महिन्यांनी. महिन्याभरात ‘गुण आला नाही’ म्हणून डॉक्टर बदलणारे खूप भेटतात.

पाचवी पायरी: पुरुषाची अंगावरची तपासणी

हीच पायरी सर्रास वगळली जाते. रिपोर्ट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातो, तिथून थेट टेस्ट ट्यूबची चर्चा सुरू होते, आणि ज्याचा रिपोर्ट आहे त्याला कुणी टेबलावर झोपवून तपासलेलंच नसतं. युरॉलॉजिस्टकडे जा, शक्य असेल तर अँड्रॉलॉजी, म्हणजे पुरुषांच्या प्रजननाचे विकार, बघणाऱ्याकडे.

ते काय बघतात? अंडकोषांचा आकार. त्यासाठी मण्यांची एक माळ असते, लहानापासून मोठ्यापर्यंत, तिच्याशी हातानं ताडून बघतात. प्रौढ पुरुषाचा अंडकोष साधारण १५ ते २० मिलीच्या मण्याएवढा. खूप लहान आणि टणक असेल तर गुणसूत्रांतल्या दोषाची शंका येते. मग वीर्यवाहिनी हाताला लागते का ते बघतात. दोन्ही बाजूंना ती नसेलच, तर कारण जन्मजात आहे, आणि ते सोनोग्राफीआधी बोटांना कळतं. मग उभं करून खोकायला सांगतात. अंडकोषाच्या वर गाठाळ, फुगलेल्या नसा लागल्या तर ते व्हेरिकोसील, बहुतेक वेळा डाव्या बाजूला. साधारण १५ टक्के पुरुषांना ते असतं, आणि वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत ३५ ते ४० टक्क्यांना.

आणखी एक प्रश्न चांगले डॉक्टर हमखास विचारतात: वास येतो का? दाढी-मिशा विरळ, वयात उशिरा आलेला आणि जन्मापासून वासच येत नाही, तर मेंदूकडून अंडकोषाला संदेशच जात नाही असा एक आजार आहे. त्याला इंजेक्शनांचा उपचार आहे आणि अनेकांत शुक्राणू तयार होऊ लागतात. फोडणीचा वास आला नाही ही साधी गोष्ट, पण त्यावरून निदान होतं.

रक्ताच्या तपासण्यांत एफएसएच (शुक्राणू तयार करण्याचा संदेश अंडकोषाला देणारं हार्मोन) आणि सकाळी उपाशीपोटी घेतलेलं टेस्टोस्टेरॉन या मुख्य. एफएसएच खूप वाढलेलं आणि अंडकोष लहान, तर शुक्राणूंचा कारखानाच मंद आहे. एफएसएच ठीक, अंडकोष ठीक, पण वीर्य एक मिलीपेक्षा कमी, आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज ही वीर्यातली साखर नाही, तर कारखाना चालू आहे, रस्ता बंद आहे. दोघांचाही रिपोर्ट ‘निल’च असतो, पण उपचार पूर्ण वेगळे. आपल्याकडे रस्ता बंद होण्यामागे जुना क्षयरोग असू शकतो, हे लक्षात असू द्या. जुना मधुमेह असेल तर वीर्य उलटं मूत्राशयात जाऊ शकतं. तेव्हा वीर्यपतनानंतरची लघवी तपासली की शुक्राणू तिथे सापडतात.

सहावी पायरी: स्वतःच्या तब्येतीकडे बघा

डेन्मार्कमध्ये १९६५ ते २०१५ या काळात वीर्यतपासणी झालेल्या ७८,२८४ पुरुषांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वीर्यात एकूण हलणारे शुक्राणू १२० मिलियनहून जास्त होते, ते ५ मिलियनपर्यंत असलेल्यांपेक्षा सरासरी २.७ वर्षं जास्त जगले. कमी शुक्राणूंमुळे आयुष्य घटतं असा याचा अर्थ नाही. शरीरात दुसरं काही बिघडत असेल तर त्याची चाहूल इथे लवकर लागते, असा अर्थ घ्यायचा.

म्हणून खराब रिपोर्ट आला की शुगर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर बघून घ्या. टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर हाडं ठिसूळ होतात, अशक्तपणा येतो, त्याची दखल घ्या. वंध्यत्व असलेल्या पुरुषांत अंडकोषाच्या कॅन्सरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि लहानपणी अंडकोष खाली उतरलेला नसेल तर अजून जास्त. तो तरुण वयात होतो आणि लवकर सापडला तर बहुतेक पूर्ण बरा होतो. महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर दोन्ही अंडकोष बोटांत हलकेच फिरवून बघा. न दुखणारी कडक गाठ लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. दुखत नाही म्हणून लोक महिनोन्‌महिने थांबतात.

आणि कुठल्याही कॅन्सरसाठी केमो सुरू होणार असेल, मुलगा अठराचा असो की बत्तीसचा, पहिल्या डोसच्या आधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना ते वर्षानुवर्षं टिकतं. त्या घाईत हे कुणाला सुचत नाही, आणि नंतर तो वेळ परत आणता येत नाही.

सातवी पायरी: काय बंद करायचं

सर्वांत आधी जिममधली इंजेक्शनं. टेस्टोस्टेरॉन किंवा स्टिरॉइड बाहेरून घेतलं की मेंदू समजतो, भरपूर आहे, आणि अंडकोषाला संदेश पाठवणं बंद करतो. दंड फुगतात, अंडकोष आकसतात, काउंट शून्यावर येतो. पंचविशीतली, अंगानं कमावलेली मुलं ‘निल’ रिपोर्ट बघून माझ्यासमोर रडलेली आहेत. बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण सहा महिने, वर्ष, काहींना त्याहून जास्त लागतं. काउंट कमी आहे म्हणून कुणी ‘ताकदीचं’ टेस्टोस्टेरॉन देऊ करत असेल, तर मूल हवं असेपर्यंत नाही म्हणा.

तंबाखू, गुटखा, बिडी, दारू यांचं मी वेगळं काय सांगू. बंद करा.

उष्णता. अंडकोषाला शरीराच्या आतल्यापेक्षा दोन-चार अंश थंडावा लागतो, म्हणून तर तो बाहेर आहे. फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहणारे, गुऱ्हाळावर चुलवणाशी असणारे, बेकरीतले, दिवसभर ट्रक चालवणारे यांनी मधेमधे उठावं, ढगळ सुती कपडे घालावेत, जमलं तर पुढच्या तपासणीपर्यंतच्या तीन महिन्यांत काम बदलून घ्यावं. लॅपटॉप मांडीवर नको.

आमच्या भागात द्राक्षबागा आहेत, म्हणून फवारणीबद्दल जास्त बोलतो. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आलं, की आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाहीये. ते जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं डीबीसीपी नावाचं औषध तयार करत होते. तपासलं तर अनेकांचे शुक्राणू शून्य. पुढे त्या औषधावर बंदी आली. त्यामुळे फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या हव्यातच. कपडे वेगळे धुवायचे, आणि मुलासाठी प्रयत्न सुरू असताना पंप दुसऱ्याच्या हातात द्यायचा. अर्थात त्या दुसऱ्यालाही मोजे द्यायचे.

चालू असलेल्या गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवा. केस गळण्यावरची फिनास्टेराइड, आतड्यांच्या सुजेवरची सल्फासालाझिन अशा काहींनी वीर्यावर परिणाम होतो. मनाने बंद करू नका, पर्याय मागा.

पावडरी आणि ‘काउंट वाढवणाऱ्या’ महागड्या गोळ्यांवर पैसे घालवण्याआधी हे ऐका. अमेरिकेत २३७० जोडप्यांमध्ये पुरुषांना फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंक देऊन बघितलं. २०२० मध्ये निकाल आला: मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. त्याच वर्षी अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या मॉक्सी या चाचणीतही वीर्य सुधारलेलं दिसलं नाही.

आठवी पायरी: उपचार

व्हेरिकोसील हाताला लागण्याइतकं असेल आणि काउंट कमी असेल तर मायक्रोस्कोपखाली केलेल्या शस्त्रक्रियेचा फायदा होतो, सुधारणा तीन ते सहा महिन्यांत दिसते. रस्ता बंद असेल तर तो जोडता येतो किंवा अंडकोषातून शुक्राणू काढता येतात. कारखानाच मंद असेल तर मायक्रो-टेसे, म्हणजे अंडकोष उघडून सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू शोधणं.

मिळालेला एकेक शुक्राणू बीजात टोचण्याच्या पद्धतीला इक्सी म्हणतात. तिच्यापासून झालेल्या पहिल्या गर्भधारणा ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये जाहीर केल्या. त्याआधी मुंबईत केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली होती, पण अगदी कमी शुक्राणू असलेल्या पुरुषाला खरा आधार मिळाला तो इक्सीमुळे.

२०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. प्रमाणपत्र बघायला मागा. दात्याचं वीर्य घ्यायचं ठरलं तर ते नोंदणीकृत बँकेतूनच, दोघांच्या लेखी संमतीनं. होणारं मूल कायद्यानं तुमचंच असतं आणि दात्याचा त्यावर हक्क राहत नाही. नवऱ्याला अंधारात ठेवून हे करायला घरातल्या कुणी सुचवलं तर ऐकू नका.

नववी पायरी: मुलापर्यंत काय जाणार

इक्सीच्या आधी ही तपासणी झालीच पाहिजे. शुक्राणू शून्य असतील किंवा ५ मिलियनपेक्षा कमी असतील, तर रक्तावर गुणसूत्रांची तपासणी आणि ‘वाय मायक्रोडिलीशन’ करून घ्या.

गुणसूत्र ४७ एक्सएक्सवाय निघालं, म्हणजे एक एक्स जास्त, तर तो क्लाइनफेल्टर हा विकार. सहाशेच्या आसपास मुलग्यांमागे एकाला असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर कळतच नाही. यात मधुमेह आणि ठिसूळ हाडांचा धोका असतो, म्हणजे हे निदान मुलासाठी जेवढं, तेवढंच त्या माणसासाठी.

वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला असेल तर कुठला, ते महत्त्वाचं. या तुकड्यांना एझेडएफ-ए, बी, सी अशी नावं आहेत. एझेडएफ-ए किंवा बी पूर्ण गळालेला असेल तर अंडकोष उघडूनही शुक्राणू सापडत नाहीत, मग ती शस्त्रक्रिया आणि खर्च टळतो. सी गळालेला असेल तर शुक्राणू मिळू शकतात, पण होणाऱ्या प्रत्येक मुलग्याकडे तोच दोष जातो.

वीर्यवाहिनी जन्मतःच नसेल तर सीएफटीआर जनुकाची तपासणी दोघांची करा. दोघांकडेही दोष असेल तर सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसांचा गंभीर आजार मुलाला होण्याची शक्यता चारात एक, कधी त्याहूनही जास्त असते. युरोपीय लोकांत आढळणारे नेहमीचे दोष आपल्याकडे कमी असतात, म्हणून मोजकीच ठिकाणं न तपासता पूर्ण जनुक बघा. आणि पोटाची सोनोग्राफीही करा, कारण अशा काहींना एक मूत्रपिंड नसतं.

बापाचं वय हाही विषय आहे. आइसलँडमधल्या २०१२ च्या अभ्यासात बापाचं वय वर्षानं वाढलं की मुलात सरासरी दोन नवे जनुकीय बदल वाढतात असं दिसलं. बहुतेक निरुपद्रवी असतात. तरी ‘पुरुषाला वय नसतं’ हे खरं नाही.

इक्सीतून जन्मलेली पहिली पिढी आता वाढली आहे. बेल्जियममध्ये १८ ते २२ वयाच्या अशा ५४ तरुणांची तपासणी झाली. त्यांचे शुक्राणू नैसर्गिकरीत्या झालेल्या त्यांच्या वयाच्या मुलांच्या निम्म्याच्या आसपास होते. अभ्यास लहान आहे, पण बापाची अडचण मुलाच्या वाट्याला येऊ शकते हे त्यातून दिसलं.

मुलगा झाला की

मालिश करताना बाळाचे दोन्ही अंडकोष पिशवीत आहेत ना, हे हाताला जाणवतं. एक जरी वर राहिला असेल तर ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणून थांबू नका. सहा महिन्यांपर्यंत उतरला नाही तर पुढे तो सहसा उतरत नाही, आणि दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झाली तर नुकसान कमी होतं. गालगुंडाच्या लशीबद्दलही बालरोगतज्ज्ञांना विचारा. एमआर लस गोवर आणि रुबेलाची असते, गालगुंडाचं संरक्षण एमएमआरमध्ये असतं.

बापाचा जनुकांचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात घालून मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर एकाच फाइलमध्ये ठेवा. एझेडएफ-सीचा दोष असेल तर पोरगा अठरा-वीस वर्षांचा झाल्यावर त्याला शेजारी बसवून तो कागद दाखवा आणि त्याची वीर्यतपासणी करून घ्या. वयाबरोबर काउंट आणखी घसरू शकतो, म्हणून शुक्राणू असतील तर त्याच वयात गोठवून ठेवता येतात. गेल्या वर्षी एक बाप आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आला होता. काउंटरला अगदी टेकून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “याची वीर्यतपासणी करायचीय.”